घमेल्यातला डोंगर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. दहावी, १९८६ ची तुकडी)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयुष्यभर लेव्हल आणि स्टाफ घेऊन उन्हातान्हात फिरलास, त्यावर थोडं बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." आता जेवणं झाली आहेत, जेवणात बासुंदी होती, आणि विषय आहे समोच्च रेषा. म्हणजे तिन्ही गोष्टी झोपेच्याच. तरी शाळेत जसे शेवटच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायचो, तेवढी सभ्यता आजही पाळा, एवढीच विनंती.

सुरुवात मी आपल्या भूगोलाच्या सरांपासून करतो. सर समोर बसले आहेत, म्हणून नव्हे. खरंच सुरुवात तिथूनच झाली. आठवीत की नववीत ते आता नक्की आठवत नाही, पण पुस्तकातला समोच्च रेषांचा नकाशा कुणालाच कळेना. कांद्याच्या चकत्या काढल्यासारख्या गोल गोल रेघा, त्यावर आकडे. सरांनी पुस्तक मिटलं आणि शिपाईमामांना घमेलं आणायला सांगितलं. ओढ्यातली चिकणमाती आणून घमेल्यात एक डोंगर केला. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला लांब उतार. मग तांब्याने एक बोटभर पाणी ओतलं आणि पाण्याची कड जिथे मातीला लागली तिथे काडीने रेघ ओढायला लावली. पुन्हा बोटभर पाणी, पुन्हा रेघ. डोंगर बुडेपर्यंत. मग पाणी उपसलं आणि वरून बघायला सांगितलं. कड्याच्या बाजूला रेघा एकमेकींना चिकटलेल्या, उताराच्या बाजूला लांब लांब. सर म्हणाले, "ही रेघ म्हणजे पाण्याची कड. एका रेघेवर चालत राहिलात तर ना चढ लागेल, ना उतार."

पुढे डिप्लोमा केला, चाळीसेक वर्षं याच धंद्यात गेली, उपकरणं बदलली, पण याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठे मिळाली नाही.

आपण शिरूर आणि दौंडची माणसं. आपल्याला वाटतं, उंची-बिंची हा भोर-वेल्ह्याकडच्या लोकांचा विषय. आपलं काय, सगळं सपाट. पण सपाट मुलुखातच उंचीची किंमत जास्त असते. कड्यावर पाणी कुठे जाणार हे आंधळ्यालाही कळतं. सपाट रानात एका फुटाच्या फरकाने पाणी तुमच्या शेतात यायचं की शेजाऱ्याच्या, हे ठरतं. इनामगाव आपल्याच शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वसतीत पुराचं पाणी वळवायला काढलेला पाट आणि त्याला घातलेला बांध सापडला. त्या लोकांकडे लोखंडसुद्धा नव्हतं, पण जमिनीचा उतार त्यांना वाचता येत होता.

कालव्यांचंही तेच. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा हवेलीतून दौंडमध्ये आणि पुढे इंदापूरकडे जातो. लहानपणी मला प्रश्न पडायचा, की हा सरळ का जात नाही, असा नागमोडी का फिरतो? तो फिरतो, कारण तो जवळजवळ समोच्च रेषा धरूनच चाललेला असतो. अशा कालव्यांना किलोमीटरला जेमतेम वीतभर उतार देतात. जास्त दिला तर पाणी तळ आणि काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणजे तुमच्या उसाला जे पाणी मिळतं ते कुणीतरी एकेक वीत मोजून आणलेलं आहे.

आणि उंचीचा आकडा सगळ्यांसाठी उघड्यावर लिहून ठेवण्याची पद्धतही आपल्याला नवी नाही. दौंड स्टेशनची पिवळी पाटी आठवा. नावाच्या खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिकीट काढलेलं असो वा नसो, कुणीही वाचावी. सहलीला निघताना सरांनी आपल्याला ती पाटी वाचायला लावली होती. तेव्हा आपलं लक्ष वडापावच्या गाडीकडे होतं.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो. त्यात माझी चूक आहे.

१९८९ साली डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्रकल्प करायचा होता. मी आमचं गाव निवडलं, कारण तिथे राहायची-खायची सोय फुकट होती. आम्ही चौघांनी एप्रिलच्या उन्हात गावच्या ओढ्याच्या वरच्या अंगाची जमीन मोजली. डंपी लेव्हल, लाकडी स्टाफ, साखळी, आणि लेव्हल बुकात हाताने आकडे. देवळाच्या पहिल्या पायरीची उंची शंभर मीटर धरली आणि तिच्यापासून सगळं मोजत गेलो. अर्ध्या अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा काढल्या. माझा चुलतभाऊ तेव्हा स्टाफ धरायला होता. त्याला रोज एक बर्फाचा गोळा, हीच मजुरी. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. एक प्रत कॉलेजात गेली, दुसरी मी पत्र्याच्या नळीत घालून घरी माळ्यावर ठेवली. आणि विसरून गेलो.

पुढे नोकरी, बदल्या, लग्न, मुलं. २०१८ च्या उन्हाळ्यात गावाने ठरवलं की माळावर सलग समतल चर काढायचे. तेव्हा गावोगावी जलसंधारणाचं वारं होतं. पाणी फाउंडेशनची स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली होती आणि टीव्हीवर बघून गावोगाव माणसं कुदळ-फावडं घेऊन निघत होती. आमचं गाव स्पर्धेत नव्हतं, पण उत्साह तोच होता. लोकवर्गणी जमली, जेसीबी आला. जेसीबीचं भाडं तासावर असतं, त्यामुळे मोजत बसायला वेळ कुणाला? चर नजरेच्या अंदाजाने काढले. मी पुण्यात होतो. वर्गणी पाठवली, व्हॉट्सॲपवर फोटोला अंगठा दाखवला आणि मोकळा झालो.

समतल चर या नावातच सगळं आलं. तो एका समोच्च रेषेवर असेल तर पाणी त्याच्या पूर्ण लांबीत सारखं उभं राहतं आणि जागच्या जागी मुरतं. एक टोक फूटभर जरी खाली गेलं, तरी तो चर राहत नाही, पाट होतो. सगळं पाणी त्या टोकाला पळतं.

२०२० च्या ऑक्टोबरातला तो पाऊस तुम्हाला आठवत असेल. दौंड, इंदापूर, बारामती, सगळीकडे हाहाकार झाला होता. त्या रात्री आमच्या माळावरच्या चरांतलं पाणी एका टोकाला गोळा झालं, तिथला मातीचा भराव फुटला, आणि खालच्या शेताची वरची काळी माती घेऊन ओढ्याला गेलं. ते शेत त्याच चुलतभावाचं. कांद्याचं रोप टाकलेलं होतं. अर्ध्या एकरावर खाली मुरूम उघडा पडला.

मी चार दिवसांनी गेलो. तो बांधावर बसला होता. रडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तू तर हे सगळं रान मोजलं होतंस ना? मीच तर काठी धरली होती. कुठं आहे ते?"

घरी जाऊन माळ्यावरून ती नळी काढली. एका कोपऱ्याला वाळवी लागली होती, बाकी नकाशा शाबूत होता. कंदिलाखाली नाही, चांगल्या एलईडीच्या उजेडात मी तो पाहिला. ज्या रेषेवर चर जायला हवा होता ती रेषा माझ्याच हाताने १९८९ साली काढलेली होती. चर तिला सोडून खाली उतरलेला होता. एकतीस वर्षं तो कागद माझ्याकडे होता, तो मी कुणाला नाकारला नव्हता. पण कुणाला दिलाही नव्हता. गावातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं की असा कागद आहे.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. काय सापडलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

पहिली गोष्ट. जगाच्या उंचीची माहिती आज फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अमेरिकन अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमीन मोजली. साठ अंश उत्तर ते छप्पन अंश दक्षिण, म्हणजे जगातली जवळपास ऐंशी टक्के जमीन. आधी आपल्यासारख्या देशांना त्यातला नव्वद मीटरच्या चौकोनांचा जाडाभरडा भाग मिळायचा. २०१४ पासून तीस मीटरच्या चौकोनांचा खुला झाला. आपल्या इस्रोनेही ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ सोडला. त्याच्यात दोन कॅमेरे, एक थोडा पुढे बघणारा, एक थोडा मागे. आपल्या दोन डोळ्यांना जशी खोली कळते तशी त्यांना जमिनीची उंची कळते. त्यावरून तयार झालेली उंचीची माहिती इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर मिळते.

मग अडचण काय? तीस मीटरचा एक चौकोन म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. एवढ्या तुकड्याला एकच आकडा. शिवाय रडार जमिनीवरचं झाड, घर यांच्यावरूनही परत फिरतं. एंडेव्हरच्या मोजणीत उंचीची सोळा मीटरपर्यंतची चूक गृहीतच धरलेली होती. प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी बरीच कमी निघाली, पण चर काढायला तीन मीटरची चूकही फार झाली. भुलेश्वरची डोंगररांग या माहितीत सुरेख दिसते. आमचा माळ दिसत नाही. घोडनदीच्या उगमाकडे, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. तशा तीव्र उताराच्या गावांना धोका कुठे आहे हे आधी चाळून बघायला ही माहिती नक्की उपयोगी पडते. गावातलं पाणी अडवायला मात्र गावातच मोजावं लागतं.

दुसरी गोष्ट. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. सामान्य माणसं तो भरतात आणि कुणालाही तो वापरता येतो. मला वाटलं, माझा नकाशा त्यावर टाकला की झालं. पण त्या नकाशाच्या मूळ माहितीत समोच्च रेषा ठेवतच नाहीत. कारण पटण्यासारखं आहे. तिथला नियम असा की एकाने भरलेलं दुसऱ्याला जागेवर जाऊन तपासता आलं पाहिजे. विहीर आहे की नाही, हे कुणीही जाऊन बघेल. समोच्च रेषा जमिनीवर दिसत नाही. म्हणून रेषा वेगळ्या थरात, वरून घालतात. नकाशावर जे भरायचं ते ओढा, नाला, तळं, बंधारा, विहीर, पाऊलवाट आणि त्यांची नावं. मी आमच्या गावचा भाग उघडून पाहिला तर ओढाच नव्हता. महामार्ग होता, पेट्रोल पंप होता. ज्या ओढ्यात आपण सगळे पोहायला शिकलो तसे ओढे जगाच्या नकाशावर नाहीत.

तिसरी गोष्ट कायद्याची. फार वर्षं आपल्याकडे नकाशा हा संरक्षणाचा विषय मानला जायचा. सर्व्हे ऑफ इंडिया ही १७६७ पासूनची संस्था. तिचे नकाशे मिळायचे, पण वापरायला परवानग्या फार. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि भारतीय माणसाला, भारतीय संस्थेला मोजणीसाठी आणि नकाशे प्रसिद्ध करण्यासाठी आधी परवानगी घ्यायची गरज उरली नाही. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध मात्र पाळावे लागतात. त्यात एक मर्यादाही आहे. आडव्या मोजणीत एक मीटर आणि उंचीत तीन मीटर, यापेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायची. आमच्या अर्ध्या मीटरच्या रेषा या मर्यादेच्या कितीतरी आतल्या. म्हणजे उत्साहाच्या भरात त्या परदेशी सर्व्हरवर टाकल्या असत्या तर नियम मोडला असता. दुसऱ्याचा नकाशा बघून त्यावरून रेघा गिरवणं हेही चालत नाही. परवानगी नसेल तर ती कॉपीच. परीक्षेत आपण केली ती केली, इथे करू नका.

म्हणून आम्ही असं केलं. आपल्याच वर्गातले दोघं, नाव घेतलं तर रागावतील, आणि माझा चुलतभाऊ, असे मिळून दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांत तो माळ पुन्हा मोजला. देवळाची पायरी अजून तीच आहे, फक्त वर फरशी बसवली आहे. १९८९ मध्ये आम्ही तिला शंभर धरलं होतं, समुद्रसपाटीशी जोडलं नव्हतं. गावापुरतं ते चालतं, पण शेजारच्या गावाने मोजलं तर दोन नकाशे जुळणार नाहीत. या वेळी ते जोडून घेतलं.

यातली एक गंमत सांगतो. आमच्यातल्या एकाने मोबाइलवरचं एक ॲप लावून दौंड स्टेशनवर उंची बघितली, तर पाटीपेक्षा साठ-पासष्ट मीटर कमी. तो म्हणाला, "स्टेशन खचलं की काय?" खचलं नाही. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही, आणि आपल्या भागात या दोन्हींत साठ-सत्तर मीटरांचा फरक आहे. म्हणून नुसता आकडा देऊन उपयोग नाही. कशापासून मोजला, कशाने मोजला, कधी मोजला आणि चूक किती असू शकते, हे चार शब्द सोबत लिहिले नाहीत तर दिलेली माहितीही दुसऱ्याला फसवते.

ओढा, दोन नाले, सात विहिरी आणि माळावरचे चर आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर भरले. बारीक उंचीची माहिती देशातल्या सर्व्हरवर ठेवली, एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, आणि सोबत स्पष्ट लिहिलं की कुणीही फुकट वापरावी, फक्त कुठून घेतली ते सांगावं. आणि नकाशाचा मोठा छापील कागद काच लावून चावडीत टांगला. कारण आमच्या गावात सर्व्हरपेक्षा चावडीत जास्त माणसं जातात.

हे सोपं झालं नाही. ग्रामसभेत एक म्हातारबाबा उभे राहिले. म्हणाले, "पोरा, रांजणगावला एमायडीसी आली तेव्हा आधी मोजणारेच आले होते. तू कुणासाठी मोजतोयस?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी सांगितलं, "बाबा, या कागदावर कुणाचं नाव नाही, गट नंबर नाही, सातबारा नाही. फक्त उंची आहे. ज्याला जमीन घ्यायची आहे, त्याला पैसे टाकून मोजणी करून घेता येते, त्याला माझ्या कागदाची गरज नाही. ज्याच्या शेतातून पाणी जातं, त्याच्याकडेच कागद नाही." बाबा बसले. पटलं की नाही कळलं नाही. पण नंतर स्वतःच्या विहिरीची उंची विचारून गेले.

गेल्या पावसाळ्याआधी चर दुरुस्त केले, नकाशावरची रेषा धरून, आणि प्रत्येक दहा पावलांवर गवंड्याची पाण्याची नळी लावून तपासून. जून-जुलैत पाऊस झाला तेव्हा मी मुद्दाम गेलो. पाणी चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं उभं होतं. घमेल्यातल्या पाण्यासारखं. चुलतभावाने बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं. पण माती गेली ती गेली." तेही खरंच आहे. वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

आता मागणं. स्नेहमेळाव्यात वर्गणी मागतात, मी वर्गणी मागत नाही. इथे बसलेल्यांत कुणी इरिगेशनमध्ये होतं, कुणी रेल्वेत, कुणी भूमी अभिलेखात, कुणी बांधकामात. नोकरीतले सरकारी कागद बाहेर काढा असं मी म्हणत नाही, ते ज्याचे त्याचे आहेत. पण स्वतःच्या शेताची मोजणी, विहिरीच्या खोलीची वही, शेततळ्याच्या वेळी घेतलेल्या लेव्हल, हे तुमचं स्वतःचं आहे. ते माळ्यावर असेल तर खाली काढा. ज्यांच्याकडे असं काही नाही त्यांनी आपल्या गावच्या ओढ्याचं नाव तरी नकाशावर घाला. नाव विचारायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जावं लागेल, आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच असतं.

दुसरं, आपल्या शाळेच्या मैदानापासून सुरुवात करू. मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मैदान आणि मागचा ओढा मोजायचा. उपकरण माझं. स्टाफ धरायला मुलं. व्हरांड्याच्या पहिल्या पायरीवर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरून घ्यायची, स्टेशनच्या पाटीसारखी. पुढच्या मुलांना मोजायला एक पक्की जागा राहील.

सर, त्या दिवशी तुम्ही यावं अशी इच्छा आहे. खुर्ची सावलीत टाकू. चिकणमाती आणि घमेलं आणायची जबाबदारी माझी. पाणी मात्र तुमच्या हाताने ओतायचं.